नवतपा आणि बाबांचा खिसा

नवतपा लागला की आमच्या घरात कांदा भाजीत कमी आणि खिशात जास्त जातो. सूर्य रोहिणीत शिरल्यानंतरचे हे नऊ दिवस रायपूरला कसे असतात, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नळाला थंड पाणी येत नाही, दाराची कडी फडक्याने धरावी लागते आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. खिशात कांदा असला की गरम वाऱ्याची लू लागत नाही, असं आईचं ठाम मत आहे. काल सकाळी मी कामाला निघाले, तर तिने दारातच थांबवून माझ्या कुर्त्याच्या खिशात कांदा कोंबला. मी विजेची अभियंता, चाळिशीला टेकलेली बाई, आणि खिशात मोबाइल, टेस्टर आणि कांदा. एरवी मी आईची थट्टा केली असती. पण नवतप्यात मला थट्टा सुचत नाही. त्या दिवशीही बाबांच्या एका खिशात तिनेच दिलेला कांदा होता.

मी मुळात भित्री. पालीला भिते, उंचीला भिते, परीक्षेचे पेपर अजून स्वप्नात येतात. अशा बाईने विजेच्या धंद्यात काय म्हणून यावं, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर बाबांच्या दुसऱ्या खिशात होतं.

बाबा म्हणजे देवराव मिस्त्री. निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, शाळा, वाचनालयं, पंपघरं, वॉर्डांची कार्यालयं, जिथे जिथे शहराच्या मालकीची भिंत आणि तिच्यावर बटण, तिथे बाबांचा हात लागलेला. आजोबा अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि ब्राह्मणपाऱ्यात आम्ही रुजलो; इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. घरात बोलणं वऱ्हाडीच राहिलं, त्यात हिंदी मिसळत गेली, आणि होकाराला ‘हव’ म्हणायला आम्ही छत्तीसगढी शेजाऱ्यांकडून शिकलो.

खांबावर किंवा शिडीवर चढण्यापूर्वी बाबा एकच गोष्ट करायचे. मेन बंद करायचे, फ्यूजची चिनी मातीची पांढरी ग्रिप खेचून काढायचे आणि ती सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकायचे. बटण कुणीही येऊन दाबू शकतं. पण ग्रिप ज्याच्या खिशात, त्याच्या परवानगीशिवाय वीज येत नाही. सगळे जुने मिस्त्री असंच करत. बाबांच्या प्रत्येक सदऱ्याचा डावा खिसा त्या वजनाने लोंबलेला असायचा आणि आई दर रविवारी तो पुन्हा शिवायची.

एकदा पंपघराची ग्रिप तशीच खिशात घेऊन ते जेवायला घरी आले आणि जेवून झोपले. सगळ्या पाऱ्याचे नळ कोरडे. चार वाजता बायका रिकाम्या बादल्या घेऊन आमच्या दारात. बाबा उठले, खिसा चाचपला आणि लहान पोरासारखे जीभ चावून पळाले. ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं लग्नाकार्यात सांगितली गेली. मी मात्र तिच्यातून भलतंच शिकले. सगळ्या पाऱ्याचं पाणी ज्या माणसाच्या खिशात मावतं, त्याला कसलीच भीती नसणार, असं मला वाटलं. मला तसं व्हायचं होतं.

राज्य नवं झालं, आमचं गाव राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, आणि पुढे कधीतरी सरकारी छपरांवर सोलरच्या पाट्या बसायला लागल्या. तोवर मी शिकून एका ठेकेदार कंपनीत लागले होते आणि निगमच्या इमारतींचं काम आमच्याकडे आलं होतं. पाट्या आम्ही बसवायच्या, चालू करून द्यायच्या आणि पुढची देखरेख निगमच्या मिस्त्र्यांनी करायची. म्हणजे मी बसवलेलं जे काही, ते शेवटी बाबांच्या हाती जाणार होतं. त्यांना निवृत्त व्हायला वर्ष उरलं होतं. आई शेजारपाजारी सांगत सुटली, “बाप खाली, लेक वरत. दोघं मिळून शाळेले उजेड देऊन राहिले.”

मार्चपासून मी छपरांवरच होते. शहर छपरावरून वेगळंच दिसतं. बूढ़ापाऱ्यातल्या वाचनालयाच्या छपरावरून तलावाचं पाणी दिसायचं, पुरानी बस्तीतल्या शाळेच्या छपरावरून देवळांची शिखरं आणि त्यांच्यामध्ये वाळत घातलेल्या साड्या. शाळेच्या छपरावर मोडके बाक होते, गळकी टाकी होती आणि जिन्याच्या खोलीत गुंडाळून ठेवलेल्या दऱ्या, म्हणजे पोरांना बसायच्या सतरंज्या. कठडा जेमतेम गुडघ्याइतका. मी कधी त्याच्या जवळ गेले नाही. कामगार हसायचे, “मॅडम, इतना डर के कैसे चलेगा?” चालत होतं. भीत भीतच माझं चालतं.

पण कठड्यापेक्षा मला भीती वाटायची ती पाट्यांचीच. डीपी गुणगुणते, ट्यूबलाइट चरचरते, पंप घरघरतो. जुनी वीज निदान आवाज देते. या पाट्या काही बोलत नाहीत. निळी काच, खाली काळी वायर, आणि सगळं गप्प. खालचा मेन बंद केला की भिंतीवरच्या इन्व्हर्टरच्या पेटीतले दिवे विझतात आणि वाटतं, सगळं मेलं. मेलेलं नसतं. छपरावरून त्या पेटीपर्यंत येणारी वायर, ऊन असेतोवर, जिवंतच असते. घरातल्या विजेच्या दुप्पट-तिपटीने. मेन पाडा, ग्रिप काढा, काही करा. तिला बंद करायचं तर सूर्य झाकावा लागतो. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. आणि लगेच मनात आलं, हे बाबांना सांगितलं पाहिजे.

एप्रिलमध्ये शाळेच्या व्हरांड्यात निगमच्या मिस्त्र्यांना मी शिकवायचं होतं. सातआठ जण दरीवर बसले होते, सगळ्यांत पुढे बाबा. मी घरून एका फळीवर बल्ब ओळीने जोडून आणले होते. मेन बंद करायचा, आणि मग छपराच्या वायरीला ती फळी लावायची. बंद म्हटलेल्या वायरीवर बल्ब लख्ख पेटले की पाहणारा जन्मभर विसरत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? फळी माझ्या पिशवीत होती. मी पिशवीत हात घातलासुद्धा होता.

तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. मुलगी शिकवतेय याचं कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं, आणि त्यांना त्यात आपलंही थोडं घालायचं होतं. सगळ्यांकडे वळून म्हणाले, “आयका रे, सोलर असो का काई असो. मेन पाडा, ग्रिप काढा, खिशात टाका. मंग वायर म्हंजे सुतळी. भ्याचं काई काम नाही.”

“वा, देवराव भैया!” म्हणून सगळे हसले. मीही हसले.

माझा हात पिशवीतच होता. बाहेर काढायची ती फळी आणि म्हणायचं, नाही बाबा, इथे ग्रिपचा उपयोग नाही. वाक्य पाच-सहा शब्दांचं. पण तीस वर्षं ज्यांनी त्या माणसाला मिस्त्री मानलं, त्या लोकांपुढे त्यांच्याच मुलीने त्यांना खोटं पाडायचं? त्यांचा चेहरा कसा होईल ते मला आधीच दिसलं. तेवढ्यात चहा आला. चहानंतर मी पाट्या कशा पुसायच्या ते सांगितलं, पेटीतले आकडे कसे वाचायचे ते सांगितलं. मग कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि सर्वांच्या वर माझी, की सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण दिलं.

घरी सांगू, म्हटलं. एकांतात. आज सांगू, उद्या सांगू करत दीड महिना गेला. एकदा जेवताना विषय काढलाही, “बाबा, त्या सोलरच्या वायरीचं थोडं वेगळं असतं...” त्यांनी ताटातून मान वर केली नाही. “हव, माहीत हाय मले,” म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मला सुटल्यासारखं झालं. ज्यांना माहीत आहे त्यांना काय सांगायचं?

त्यांना माहीत नाही, हे मला माहीत होतं.

नवतप्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी अंधड आलं. लाल धूळ, पत्र्यांचा खडखडाट, कुठेकुठे झाडं पडली. दुसऱ्या दिवशी आभाळ पुन्हा धुतल्यासारखं आणि ऊन तर आणखी पेटलेलं. मी बूढ़ापाऱ्यातल्या वाचनालयात वाऱ्याने हललेल्या पट्ट्या आवळून घेत होते. दीडच्या सुमारास फोन आला. पुरानी बस्तीच्या शाळेचा चौकीदार, बिसाहू कका. इन्व्हर्टरच्या पेटीवर माझा नंबर लिहिलेला होता.

“नोनी, उप्पर ले धुआँ निकलत हे. मिस्त्री ह चढ़ गे हे. मोला कहिस, नोनी ला झन बताबे, घाम म दउड़त आही.”

छपरावरून धूर निघतोय, मिस्त्री वर चढलाय, आणि त्याने बजावलंय, पोरीला सांगू नको, उन्हात धावत येईल. म्हणून बाबांनी मला कळवू दिलं नव्हतं.

मी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. शिडीवर चढताना ते फोन खालीच ठेवायचे, माझ्या लहानपणी घड्याळ ठेवायचे तसा. पुन्हा लावला. मग स्कूटीवर बसले. किल्ली कुठे लावतात ते मला आठवेना. तो रस्ता फार तर दहा मिनिटांचा असेल. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं एकही मी पुढे पाळलं नाही. गरम वारा तोंडावर येत होता, ओढणी सुटली होती, आणि माझ्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं. डावा खिसा. बाबा डाव्या खिशावर हात ठेवून खात्री करतात आणि उजवा हात पुढे करतात. अशी खात्री करताना मी त्यांना हजार वेळा पाहिलं होतं. मला वाटत होतं, आज तरी त्यांनी ग्रिप विसरावी. ग्रिप विसरले तर ते थांबतील. ग्रिप खिशात असेल तर थांबणार नाहीत.

शाळेच्या फाटकात बिसाहू कका उभा होता. मी जिना कसा चढले ते आठवत नाही. वर आले तर बाबा पाठमोरे, कठड्यापाशी उकिडवे बसलेले. पत्र्याच्या पन्हाळीच्या काठावर वायर घासून सोलली होती. तो काठ रबराने झाकायचा असतो, आमच्या माणसांनी झाकला नव्हता आणि मी पाहिला नव्हता. तिथून बारीक धूर येत होता. बाबांच्या बाजूला टेस्टर पडला होता. त्या उन्हात टेस्टरचा लाल ठिपका दिसतो थोडाच.

“बाबा! हात नका लावू!”

ते वळले. मला पाहून वैतागले, आणि मग हसले. डाव्या हाताने खिशातली पांढरी ग्रिप अर्धी बाहेर काढून दाखवली. “काहून ओरडून राहिली? हे पाह्य, माह्यापाशी हाय.” आणि उजव्या हातातली पक्कड त्यांनी वायरीवर दाबली.

आवाज फार मोठा नव्हता. पण तो उजेड. नवतप्याच्या दुपारीही डोळे बंद व्हावेत असा उजेड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. डोळे उघडले तेव्हा बाबा मागे फेकले गेले होते, पाठ कठड्याला टेकलेली, आणि डोकं कठड्याच्या पलीकडे, नुसत्या हवेत. ग्रिप खिशातच होती. कांदा मात्र निसटून छपरावर गडगडत चालला होता, आणि कोण जाणे का, मी आधी त्या कांद्याकडेच पाहिलं.

मग मी किंचाळले. बिसाहू ककाने आणि मी बाबांना ओढून जिन्याच्या खोलीत आणलं. त्यांचे डोळे उघडे होते, श्वास होता. तुटलेल्या वायरीचं टोक अजून पन्हाळीवर तडतडत होतं. मी दऱ्या ओढल्या. पोरं ज्यांवर बसून पाढे म्हणतात त्या लाल-निळ्या पट्ट्यांच्या दऱ्या, एकेक करून पाट्यांवर टाकल्या. काचेवर हात टेकला की कातडी चिकटत होती. शेवटची दरी पडली आणि तडतड थांबली. आयुष्यात मी तेवढी एकच हिमतीची गोष्ट केली असेल, आणि तीही दीड महिना उशिरा.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी बाबांचे साहेब आले. बाबांच्या उजव्या हाताला मोठं बँडेज, चेहरा एका बाजूने काळवंडलेला. साहेबांनी खुर्ची ओढली, तो सह्यांचा कागद काढला आणि विचारलं, “देवरावजी, सच बताइए. ट्रेनिंग में ये बात बताई गई थी या नहीं?”

मी सलाइनच्या स्टँडपाशी उभी होते. आई पायथ्याशी. नाही म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती, कदाचित पुढेही बरंच काही झालं असतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“बताया था, साहब. लड़की ने सब बताया था. मैंने ही नहीं सुना.”

साहेबांनी मान हलवली, लिहून घेतलं. मला बोलायला जागा होती. साहेब कागद घडी करेपर्यंत होती, दारापर्यंत जाईस्तोवर होती. मी बोलले नाही. छपरावरच्या त्या उजेडापेक्षाही मला या गोष्टीची जास्त लाज वाटते.

बाबांची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. निवृत्तीपर्यंतचे महिने त्यांनी कार्यालयात एका स्टुलावर काढले. चाव्या सांभाळायच्या, कोण आलं-गेलं पाहायचं. ज्यांना त्यांनी हाताला धरून खांबावर चढवलं होतं, ती माणसं जाता-येता म्हणायची, “भैया, सोलर से पंगा नहीं लेने का!” आणि बाबाही त्यांच्याबरोबर हसायचे. तीस वर्षांचा मिस्त्री ‘मुलीचं न ऐकणारा म्हातारा’ होऊन घरी आला. ग्रिप आईने सदरा धुताना काढली आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवली. ती अजून तिथेच आहे.

तेव्हापासून दर नवतप्यात मला तेच भेव. मी ठेकेदाराकडून बाहेर पडले, आता फक्त शिकवण्याचंच काम करते. जिथे जाईन तिथे फळी आधी पिशवीतून काढते, नमस्काराच्याही आधी. लोकांना वाटतं बाई फार शिस्तीची.

काल त्याच शाळेत निगमच्या नव्या मिस्त्र्यांना शिकवायचं होतं. आईने कांदा कोंबला, मी दारात चपला घालत होते, आणि बाबा आतून सदरा घालून आले. “मी बी येतो,” म्हणाले. पंचाहत्तरीचे बाबा स्कूटीवर माझ्यामागे बसले. शाळेच्या व्हरांड्यात दरीवर ते सगळ्यांत पुढे, पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले. पोरांनी त्यांना ओळखलं नाही.

मी मेन बंद केला. पेटीतले दिवे विझले. फळी लावली. ओळीने सगळे बल्ब पेटले आणि पोरं “अरे बाप रे!” म्हणून मागे सरकली. बाबा सरकले नाहीत. ते त्या बल्बांकडे बघत राहिले.

परतताना रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, ती दोन वाकडी बोटं मला कुर्त्यातून कळत होती. देवळाच्या वळणावर त्यांनी विचारलं, “हे फळी तवा बी होती काय तुह्यापाशी?”

“होती. पिशवीत होती.”

“मंग काहून नाही काढली?”

इतकी वर्षं मी या प्रश्नाची तयारी केली होती. उत्तरं पाठ होती. त्यातलं एकही दिलं नाही. “भेत होती, बाबा.”

“करंटले?”

“तुम्हाले.”

स्कूटी तशीच चालत राहिली. मग मागून आवाज आला, इतका हळू की मला मान वळवावी लागली.

“मले बी भेव वाटे. तू जेवताना सांगत होती ना, तवा मले इचाराचं होतं. मले त्या सोलरचं काईच समजे नाही. पण पोट्टीले कसं इचारू म्हटलं. म्हून टीव्ही मोठा केला.”

मी गाडी बाजूला घेतली. कडुलिंबाची तेवढीच सावली होती. मला रडू येत होतं आणि उन्हाने डोळे चुरचुरत होते, दोन्ही एकच वाटत होतं. बाबा उतरले, धोतराचा सोगा सावरला आणि माझ्यासमोर उभे राहिले.

“सांग आता,” म्हणाले. “सुरुवातीपासून.”

मी सांगितलं. ऊन काचेवर पडतं तिथपासून. बाबा “हव, हव” करत ऐकत होते. मध्येच त्यांनी वाकड्या बोटांचा हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा.

“हे नाही समजलं,” म्हणाले. “पुन्हा सांग.”